अकरा नंबरचं चेंबर

लाइनीवर चेंबरं तेवीस. त्यांतल्या वीस चेंबरांची झाकणं पहारीने उघडत होती, तीन गंजून बसली होती. सामान असं: पहारी दोन, दोनशे हात दोर, बांबूच्या कामट्यांचे जुडगे चार, बादल्या पाच, कंदील एक, ॲसिडच्या मोठ्या काचेच्या बरण्या तीन. माणसं चार. अकरा नंबरच्या चेंबरात पाणी बासष्ट इंच, त्याच्या पुढच्या बारा नंबरात दीड इंच.

राघोने सामान दोनदा मोजलं आणि माणसं तीनदा. ही सवय त्याला दोन वर्षांपूर्वी लागली होती. त्याआधी माणसंही मोजावी लागतात हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सुरतेत पांडेसऱ्याच्या पलीकडे मिंढोळा सहकारी रंगाई वसाहत होती. वसाहतीत सात रंगखाने, आणि सातांचं सांडपाणी जमिनीखालच्या एकाच लाइनीतून जायचं. ती लाइन वाहती ठेवायचं काम राघोच्या टोळीकडे. टोळी म्हणजे राघो, त्याचा धाकटा भाऊ दगा, तोंडाळ लोटू आणि दिवसाला दहा शब्द बोलणारा सुकलाल. चौघंही अमळनेरकडचे, नवागामात एकाच चाळीत राहणारे. आधी चौघांनी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, वर्षं काढली होती आणि राघोच्या भरवशावर ते या कामाला आले होते. आले तेव्हा ते पाच होते. पाचवा चिंधा, राघोच्या मामाचा मुलगा.

एकोणीसशे त्र्याहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. आज तीज होती आणि परवा लाभपाचम. सुरतेत दिवाळीला बंद केलेलं दुकान लाभपाचमीला उघडतात. वसाहतीतही त्या दिवशी सातही रंगखाने एकाच मुहूर्तावर पहिलं कापड लाल रंगात बुडवायचे आणि सात कुंडांचं पाणी एकदमच लाइनीत यायचं. यंदाचा मुहूर्त सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांचा. अकरा आणि बारा नंबरांच्या मधली नळी तुंबलेली राहिली, तर ते सगळं लाल पाणी झाकणांतून वर येऊन रस्त्यावर पसरलं असतं.

वसाहतीचे सेक्रेटरी छगनभाई सकाळीच येऊन बजावून गेले होते, "राघोभाई, बाकी बद्धुं सांभाळून घेईन. पण मुहूर्त मारा हाथमां नथी."

टोळीची रीत ठरलेली होती. तुंबलेल्या चेंबरात अर्धी बरणी ॲसिड ओतायचं. रंगाच्या कामातला माणूस ॲसिडला मानतो. कसलाही काट असो, त्याने सुटतो. मग वास उठायचा, सडक्या अंड्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. राघो चेंबराच्या तोंडाशी उकिडवा बसून वास घेत राहायचा. टोळीत वास घ्यायचा मान त्याचाच. वास जोरात असेतो कोणाला पुढे येऊ द्यायचा नाही. वास गेला की म्हणायचा, "गया," आणि मग एक जण खाली उतरायचा.

दोन वर्षांपूर्वी याच अकरा नंबरात राघो "गया" म्हणाला आणि चिंधा उतरला. चौथ्या पायरीवर त्याचा हात सुटला. त्याला वर काढेपर्यंत काहीच उरलं नव्हतं. लोक म्हणाले, काळी चौदस, म्हणजे नरक चतुर्दशी, नुकतीच होऊन गेलेली, चेंबरात काहीतरी बसलं होतं. राघोने त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. गेल्या वर्षी टोळीने अकरा नंबरचं झाकण उघडलंच नाही, म्हणून यंदा पाणी बासष्ट इंचांवर आलं होतं.

लोटूने सकाळी ॲसिड ओतलं आणि तो नाक्यावर चहा आणायला गेला. वास उठला. राघो वाऱ्याच्या अंगाला बसून तो घेत राहिला. पंधरा-वीस मिनिटांत वास विरत गेला आणि थोड्या वेळाने उरलाच नाही. दगाने सदरा काढून बाभळीला टांगला.

"भाऊ, वास गया. उतरस मी."

राघोने पुन्हा एकदा श्वास ओढला. काही नाही. "गया" हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या ताई सायकल लोटत आल्या.

सुधाताई. नाशिककडच्या शाळामास्तरांची मुलगी, केमिस्ट्रीची पदवीधर. सहा महिन्यांपूर्वी वसाहतीने सांडपाणी तपासायला एक खोली, दोन कपाटं आणि या ताई अशी प्रयोगशाळा उभी केली होती. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"राघोभाऊ, उतरायच्या आधी मला एक कागद आत सोडू द्या."

"कागद?"

डब्यात पांढऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या होत्या. शिशाच्या एका क्षारात भिजवून वाळवलेल्या. ताईंनी एक पट्टी पाण्यात ओली केली, दोऱ्याला बांधली आणि लांबूनच कामटीच्या टोकाने चेंबरात सोडली. दहा अंक मोजून वर काढली. पट्टी काळी झाली होती, वर पाऱ्यासारखी झाक.

"आत विषारी वायू आहे," ताई म्हणाल्या. "पुष्कळ आहे. सगळे मागे या, वाऱ्याच्या अंगाला."

दगा हसला. "ताई, ते गटार शे. त्याच्यात पांढरी काठी घातली तरी काळी निघेल."

राघोलाही ते पटण्यासारखं वाटलं. पण वजन करायच्या आधी काटा तपासून घ्यावा, हे त्याला ठाऊक होतं. "तीन नंबरात घाला," तो म्हणाला. "तिथे नुसतं हातपाय धुतलेलं पाणी येतं. तेही गटारच."

तीन नंबरात पट्टी दहा अंक राहिली, मग ताईंनी आणखी शंभर मोजले. ती निघाली तशीच पांढरी. राघोने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मग अकराचा वास का गेला?" त्याने विचारलं. "वायू आहे तर वास पाहिजे. मला येत नाही. आणि मन्हं नाक, ताई, चाळीस पावलांवरून तेल जळलेलं ओळखतं."

ताई उत्तर देणार, तोच नाक्याकडून लोटू येताना दिसला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात कप. वीस पावलं अलीकडेच तो थबकला आणि त्याने कोपराने नाक दाबलं.

"काय रे, आठे अंडं कोनी फोडं? आणि तुम्ही त्याच्यात मजेत बसेल शेत?"

सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. लोटूला कळेना आपलं काय चुकलं. "मी फक्त इचारं," तो म्हणाला.

राघो उठला. नाक्याच्या दिशेने चालत गेला, पार लिंबाच्या झाडापर्यंत. तिथे उभा राहून त्याने शंभर, दोनशे, पाचशे मोजले, नाकाने मोकळी हवा घेतली आणि परत चालत आला. वीस पावलांवर त्याला वास आला. लख्ख, सडक्या अंड्याचा, अगदी पहिल्यासारखा.

तो तिथेच उभा राहिला.

"वास जात नाही," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "नाक थकतं. वायू थोडा असेल तर हळूहळू थकतं. खूप असेल तर दोन-चार श्वासांत. मग वाटतं, गेला."

"किती वेळ थकतं?"

"माणूस तिथून बाजूला होईपर्यंत."

राघोने सावकाश विचारलं, "चिंधाच्या वेळी मी तोंडाशी पाऊण तास बसलो होतो. मी म्हणालो गेला. म्हणजे तेव्हा…"

ताईंना खोटं बोलता आलं असतं. चेंबरात काहीतरी बसलं होतं असं सगळं गाव म्हणत होतंच. त्यांनी पट्ट्यांचा डबा बंद केला. "हो, राघोभाऊ. बहुतेक तसंच झालं असणार."

राघोने अकरा नंबरच्या गोल काळ्या तोंडाकडे पाठ फिरवली. मग त्याने बाभळीवरून दगाचा सदरा काढला आणि दगाकडे फेकला.

"घाल."

"भाऊ, परवा लाभपाचम शे. कागदले घाबरस का तू?"

"घाल म्हनतं ना."

दगाने सदरा घातला.

ताईंनी मग एकामागून एक प्रश्न विचारले. चेंबरातलं हे काळं पाणी येतं कुठून? राघोने सांगितलं, वसाहतीतले तीन रंगखाने छत्रीचं काळं कापड रंगवतात. काळ्या रंगाचं कुंड नव्या वर्षात न्यायचं नसतं, अशी इथली समजूत. म्हणून काळी चौदसच्या दिवशी तिघंही आपापली काळी कुंडं लाइनीत रिकामी करतात आणि दुसऱ्या दिवसापासून रंगखाने बंद. काळं पाणी नळीत बसून राहतं. वर दुसरं पाणी येतच नाही.

"आणि नंतर तुम्ही त्याच्यावर ॲसिड ओतता?"

"दरवर्षी."

ताईंनी बारा नंबरातला मूठभर काळा गाळ बादलीने काढायला लावला. सगळ्यांना वाऱ्याच्या अंगाला उभं करून बादलीच्या कडेवर एक ओली पट्टी टांगली. पट्टी जेमतेम पिवळसर झाली. मग लांब दांड्याच्या पळीने बादलीत ॲसिडचे दहा-बारा थेंब टाकले. राघोने तीन मोजायच्या आत पट्टी काळी झाली.

"त्या काळ्या रंगात गंधक असतं," ताई म्हणाल्या. "नुसतं पडून राहिलं तर बरंचसं पाण्यातच राहतं. ॲसिड पडलं की वायू होऊन बाहेर येतं."

लोटूने किटली खाली ठेवली. "म्हणजे भूत आम्हीच कालवत होतो."

"आणि चुना टाकला तर?" राघोने विचारलं. हे त्याला आपसूक सुचलं होतं. रंगखान्यात ॲसिड जास्त झालं की चुन्याचं पाणी मारतात.

ताईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "चुन्याने वायू पाण्यात दबून राहील. बरोबर. चुनाच पाहिजे."

ॲसिडच्या उरलेल्या बरण्या सुकलालने उचलून हातगाडीवर घातल्या आणि परत नेल्या. येताना त्याने चुन्याची पाच पोती आणली. दिवसातलं पहिलं वाक्य तो तेव्हा बोलला: "गोडाऊनवाला विचारतो, एवढा चुना, लग्न शे का कोनाचं?"

दुपारी छगनभाई आले, नव्या वर्षाचं पांढरं धोतर सांभाळत. अकरा नंबरावर कोणी नाही, चौघं चुना कालवत बसलेले, हे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"राघोभाई, आ शुं? दगाला उतार ने. अर्ध्या तासाचं काम छे."

राघो उठून उभा राहिला. सेक्रेटरींशी तो एरवी मान खाली घालून बोलायचा. आज त्याची मान वर होती. "शेठ, अकरा नंबरात आज कोणी उतरणार नाही. उद्याही नाही. लाइन परवा नऊ वीसला मोकळी असेल. ते माझ्यावर."

"उतरल्या वगर केवी रीते?"

"ते अजून मला माहीत नाही."

छगनभाईंनी आशेने ताईंकडे पाहिलं. ताई काळी पट्टी वहीत चिकटवत होत्या. त्यांनी ती छगनभाईंपुढे धरली आणि चिंधाचं नाव घेतलं. छगनभाईंनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. चिंधाला वर काढलं तेव्हा तेही तिथे होते. "करो," ते म्हणाले. "पण नऊ वीस."

नऊ ते तेरा नंबरांची झाकणं उघडली. त्यांतलं दहा नंबरचं गंजलेलं होतं. ते निघायला दोन तास लागले. भोवती बाभळीचं कुंपण घातलं. चुन्याचं पाणी वरून सोडलं, कामटीने ढवळलं, पुन्हा सोडलं. संध्याकाळी पाचला अकरा नंबरातली पट्टी नुसती तपकिरी झाली.

मग राघोने मापं घेतली. अकरा ते बारा अंतर शहाण्णव फूट. बारा नंबर जवळजवळ कोरडं. त्यात एक वाकवलेला लोखंडी नळ वरूनच असा सोडला की त्याचं खालचं तोंड बरोबर लाइनीच्या तोंडाशी बसावं, आणि त्या नळातून एकाला एक बांधलेल्या कामट्या आत सारल्या. एकोणचाळीस फुटांवर अडल्या. मग तोच नळ अकरा नंबरात सोडून उलट बाजूने सारल्या. बावन्न फुटांवर अडल्या.

राघोने जमिनीवर काडीने हिशोब केला. "शहाण्णवातून एक्याण्णव गेले. बोळा पाच फुटांचा."

दगा त्या आकड्याकडे बघत राहिला. "भाऊ, मी बारामधून आत गयो असतो, नळीत हात घालून बोळा ओढला असता, तर मागचं बासष्ट इंच पानी…"

"तुझ्या तोंडावर," राघो म्हणाला. "आणि वायू त्याच्यासोबत."

दुसऱ्या दिवशी, चौथीला, उजाडताच काम सुरू झालं. कामट्यांच्या टोकाला राघोने लूमच्या जुन्या लोखंडी दांड्याचं पातं बांधलं होतं. वरच्या बाजूने, म्हणजे अकराकडून, चौघांनी मिळून ढोसायला घेतलं. कामट्या दोनदा मोडल्या. तिसऱ्यांदा पातं काहीतरी मऊ चिरत गेलं, आणि बारा नंबरात आधी गुळगुळ आवाज झाला, मग धबधबा. कापडाचे सुटे तंतू, चरबी आणि काळा गाळ यांचं मिश्रण उसळून चार फूट वर आलं. बाराच्या तोंडाशी कोणी नव्हतं. सगळे तीस पावलं लांब होते, ताईंनी आखलेल्या चुन्याच्या रेघेमागे.

"दगाभाऊ," लोटू म्हणाला, "तू आत असता तर आता हजिऱ्याला समुद्रात निघाला असता. तिथून एस.टी. पण मिळत नाही."

दगाने त्याला हलकेच एक टपली मारली, पण त्याचे डोळे चेंबरावरून हटले नाहीत.

भोक पडलं, पण नळी भरलेलीच होती. तिच्या तळाशी दोन वर्षांचा गाळ. तो ओढून काढायचा तर अकरापासून बारापर्यंत दोर पाहिजे, आणि मोडक्या कामट्या आता शहाण्णव फूट पुरत नव्हत्या. राघो डोकं धरून बसला. मग त्याने लोटूला चाळीवर पिटाळलं.

चाळीत चिंधाची बायको शोभाबाई राहायची. ती बॉबिन भरायच्या कारखान्यात कामाला होती. लोटू तिच्याकडून लाकडी रिकामी बॉबिनं आणि नायलॉनच्या दोऱ्याची मोठी रिळं घेऊन आला. मागोमाग ती स्वतःही आली, पदर खोचून. अकरा नंबरापाशी ती दोन वर्षांत आली नव्हती.

"कोण उतरणार शे?" तिने विचारलं.

"कोणी नाही, वहिनी," राघो म्हणाला. "बॉबिन उतरणार."

बॉबिनला दोरा बांधून तिने स्वतः गाठ मारली. लूमवरची गाठ, ओढली की घट्ट होणारी. राघोने ते अकरा नंबरात सोडलं. पाणी वाहत होतं, ते बॉबिनला घेऊन गेलं. शोभाबाई बोटांतून दोरा सोडत फूट मोजत होती. साठावर बॉबिन अडलं. तिने दोरा हलका मागे घेतला, पुन्हा सोडला, तुटलेला ताणा चाचपावा तसा. दोरा पुन्हा धावायला लागला. एकशे सातवर सुकलाल बारा नंबराकडून ओरडला, "ऊनं! बॉबिन ऊनं!"

त्याच्या हातातल्या आकड्याला काळं, लाकडी, बोटभर बॉबिन लटकत होतं. सुकलालला इतक्या मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

दोऱ्यामागे सुतळी गेली, सुतळीमागे दोर. दोराला अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप बांधलं. दोर ओढायला राघोने मोडीत काढलेल्या लूमचा ताण्याचा बीम, सूत गुंडाळायचा जाड रूळ, आणवला होता. दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवून त्याला हँडल बसवलं. कप्पी बांबूला बांधून वरूनच बारा नंबरच्या तळाशी टेकवली. बीम फिरला की पिंप नळीतून गाळ खरवडत बारा नंबराकडे यायचं आणि वर निघायचं. अकराकडून दुसऱ्या दोराने ते रिकामं परत ओढायचं. दर दहा फेऱ्यांनी ताई पट्टी सोडायच्या आणि वहीत रंग लिहायच्या. पट्टी गडद झाली की सगळे थांबायचे, चुना सोडायचे आणि वाट बघायचे. राघोला आता थांबायला कोणी सांगावं लागत नव्हतं. पट्टी वर निघताच तो स्वतःच हात वर करायचा.

तिसऱ्या प्रहरी बीमच्या हँडलवर माणसं कमी पडायला लागली. छगनभाई घड्याळ बघत कुंपणाबाहेर येरझाऱ्या घालत होते. एकाएकी त्यांनी धोतराचा काचा मारला, आत आले आणि हँडल धरलं.

"शेठ, धोतर नवं आहे," लोटू म्हणाला.

"बोल ओछुं, फेरव जास्ती," छगनभाई म्हणाले.

सूर्य मावळायच्या आत शेवटची फेरी झाली. पिंप रिकामंच वर आलं. पुन्हा एकदा घातलं, पुन्हा रिकामं. दगाने पिंपाच्या तळावर हात फिरवून तो वर दाखवला. तळाला नुसतं ओलं होतं. बारा नंबराजवळ गाळाचा ढीग माणसाच्या खांद्याएवढा झाला होता. शोभाबाईने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि बॉबिनं पदरात घेऊन घरी गेली. जाताना राघोपाशी थांबली. "भाऊ," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आधी सांगजा. जाड दोरा आणून ठेवसू."

चाळीवर परतताना राघो सगळ्यांच्या मागे चालत होता. पुढे तिघांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या. त्याने त्या मोजल्या, आणि मग त्याला मोजायचं थांबता आलं.

लाभपाचमीला सकाळी रंगखान्यांच्या दारांवर आसोपालवाची, अशोकाच्या पानांची तोरणं होती. पहिल्या दिवसापुरतं ॲसिडचं धुवण लाइनीत सोडायचं नाही, असं ताईंनी छगनभाईंकडून लिहून घेतलं होतं. काळी कुंडं रिकामी करण्याआधी पुढच्या वर्षी ताईंना सांगायचं, हेही त्याच कागदावर होतं. नऊ वाजून वीस मिनिटांनी सात ठिकाणी नारळ फुटले. सात कुंडांची दारं उघडली. राघो कुंपणाच्या आत, वाऱ्याच्या अंगाला, मोजपट्टीचा बांबू घेऊन उभा होता. पलीकडे दगा, लोटू, सुकलाल. ताईंनी ओली पट्टी दोऱ्याला बांधून त्याच्या हातात दिली. ती त्याने स्वतः सोडली.

पाणी आलं. लाल, फेसाळ, वाहतं.

राघोने बांबू वर काढला, ओली खूण पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदावर, ताईंच्या वहीत, स्वतःच्या हाताने आकडे लिहिले. अक्षर मोठं, ओळ तिरकी.

अकरा नंबर. नऊ वाजून चाळीस मिनिटं. पाणी साडेपाच इंच. पट्टी पाच मिनिटं आत: पांढरी.